अकरा डिसेंबर आणि राहीबाई

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर वाचनालय आहे, आणि त्याच्या दारात चार फूट बाय तीन फुटांचा काळा फळा. त्यावर रोज सकाळी साडेसातच्या आत दिनविशेष लिहायचा, हे अंकिताचं काम. ते कुणी तिला नेमून दिलं नव्हतं. भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली, पुढच्या प्रवेशाला वर्ष होतं, म्हणून ती वाचनालयात येऊन बसायला लागली; आणि ग्रंथपाल बुद्धरत्न सरांचा खांदा धरला तसा खडू आपोआप तिच्या हातात आला.

सर लिहायचे तेव्हा फळ्यावर एखादी जयंती, एखादी पुण्यतिथी आणि खाली सुविचार असायचा. अंकितानं सुविचार काढला आणि त्या जागी तिथी, सूर्योदय आणि चंद्रोदयाची वेळ घातली. कुठलीही नोंद दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय ती लिहीत नसे. एकदा एका गणितज्ञाचं जन्मसाल दोन पुस्तकांत वेगवेगळं निघालं, तर तिनं ती ओळ रिकामी ठेवली. महाडला जाणारी माणसं गाडी लागेपर्यंत तो फळा वाचत उभी राहायची, आणि त्या दिवशी तीन जणांनी येऊन विचारलं की मधलं काय पुसलं गेलंय.

दिवाळीनंतर तिच्या डोक्यात आलं, सगळ्या जगाचे वाढदिवस आपण लिहितो, मग इथल्या माणसांचे का नाही? तिनं वही केली आणि स्टँडवरच्या, बाजारातल्या, ओळखीपाळखीच्या वडीलधाऱ्यांना तारखा विचारत सुटली. त्रेचाळीस नावं जमली. त्यांतल्या एकोणतीस जणांचा वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोर कधीचं? आई सांगायची, लावणीच्या वेळचं, नाहीतर शिमग्याच्या आधीचं. गुरुजी मान डोलवायचे आणि लिहायचे एक जून. जे शाळेतच गेले नाहीत त्यांना आधार कार्डानं एक जानेवारी दिली होती. असे पाच निघाले. उरलेल्या नऊ तारखांवर ती वर्ष कसं काढणार होती, ते तिलाच ठाऊक.

अशात पूनम भेटली. पूनम तिची आठवीपासूनची मैत्रीण, कशेडीच्या अंगाला डोंगरमाथ्यावर असलेल्या टेपाच्या वाडीची, धनगरांची. वाडीतून बारावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. राजेशशी लग्न होऊन ती आता पोलादपुरातच राहत होती आणि तिला नववा महिना लागला होता. वही चाळता चाळता ती सहज म्हणाली की माझ्या आईला मात्र एक जून लावू नकोस, ती कोयनेच्या भूकंपात जन्मलीय. अंकिताला हर्षच झाला. भूकंप म्हणजे तारीखच काय, मिनिटसुद्धा ठरलेलं. तिनं वहीत लिहून घेतलं, आणि पुढं काही विचारायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

अकरा डिसेंबरला, गुरुवारी, फळ्यावर तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: आंतरराष्ट्रीय पर्वत दिन. १८४३, क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांचा जन्म. १९४६, युनिसेफची स्थापना. १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप, वार सोमवार, मार्गशीर्ष शुद्ध दशमी. आणि खाली, रंगीत खडूनं: आजचा वाढदिवस, श्रीमती राहीबाई, टेपाची वाडी, भूकंपाच्या रात्री जन्म. शुभेच्छा.

साडेआठला हैबती आला. हा राहीबाईंचा चुलत दीर. रोज वाडीवरचं दूध उतरवून स्टँडवरच्या हॉटेलांना घालायचा. शिकलेला चौथी, पण फळा मोठ्यानं वाचायची त्याला हौस. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला, पुन्हा वाचली, आणि हॉटेलाच्या बाकावरच्या माणसांकडे वळून म्हणाला,

"बगा रं, आमच्या वयनीची जयंती लावलीय. जिनं जल्मताच डोंगार हलवला ती ही. आता पुतळा तेवढा बसवायचा ऱ्हायला."

चार माणसं हसली. कुणीतरी विचारलं, काय भानगड आहे, आणि हैबतीनं ती सांगितली. फळ्याचा फोटो त्यानं मोबाइलवर घेतला. दहा वाजेपर्यंत तो फोटो वर वाडीत पोचला होता, आणि अकराला पूनमचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं, पण तिचा आवाज अगदी साधा होता. तू खोलीवर ये, एवढंच ती म्हणाली.

पूनमच्या खोलीत शेगडीचा आणि वेखंडाचा वास भरून राहिला होता. बाळ, मुलगी, नऊ दिवसांची, फडक्यात गुंडाळलेली. पूनमनं बाळाकडे बघतच सगळं सांगितलं. भूकंपाच्या रात्री राहीबाईंच्या माहेरच्या गोठ्याची दगडी भिंत पडली होती. तिच्याखाली दोन म्हशी गेल्या, आणि म्हशींपाशी उबेला निजलेला राहीबाईंचा मोठा भाऊ मालोजी गेला. चार वर्षांचा. त्याच रात्री ही जन्मली. पोरीनं पाय ठेवला आणि भाऊ गेला, असं माहेरात म्हणत. लग्न झाल्यावर तेच सासरी आलं. वाडीत कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर आजारी पडलं, की राहीबाई काल कुणाच्या दारावरून गेली याची चौकशी व्हायची. अलीकडं कुणी तोंडावर बोलत नसे, पण राहीबाईंनी ते स्वतःच धरून ठेवलं होतं. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, कुणाच्या पाळण्याची दोरी धरली नव्हती. पूनमचं स्वतःचं बारसं चुलतीनं केलं होतं.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," पूनम म्हणाली, "पण तिनं मला वर येऊच दिलं नाही. नको गो, म्हणाली, तुझं सुखानं होऊ दे. बाळ झालं तरी बघायला आली नाही. मी आणि राजेश महिनाभर पाया पडतोय, तेव्हा कुठे बारशाला येते म्हणाली. रविवारी बारसं आहे. आज सकाळी सांगून पाठवलंय, येत नाही."

अंकिताच्या तोंडून निघालं, की मला हे माहीत नव्हतं. पूनम म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

वाचनालयात परत येऊन तिनं शेवटची ओळ ओल्या फडक्यानं पुसली. ओळ गेली, पण रंगीत खडूचा पुसट डाग राहिला. बुद्धरत्न सर आतून बघत होते. नोंद चुकली का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही सर, नोंद बरोबर आहे, तोच घोटाळा झालाय. आणि मग घडलेलं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी उपदेश केला नाही. आता पुसून भागायचं नाही, वर जाऊन यावं लागेल, एवढंच म्हणाले. आणि शनिवारी फळा मी लिहितो, खांदा काय तुटत नाही.

शनिवारी सकाळी हमरस्त्यावर उतरून अंकिता चालायला लागली. दीड तासाची चढण. कारवीतून वाट वर जाते, मध्ये दोन ओढे लागतात, त्यांतला एक मार्गशीर्षातही वाहता होता. अर्ध्या वाटेवर रिकामे कॅन घेऊन वर निघालेला हैबती भेटला. तिला ओळखून तो जरा ओशाळला. मी आपली गंमत केली, माणसं दिसली की जीभ सुटते माझी, वयनी मनाला लावून घेईल असं वाटलं नव्हतं, असं काहीबाही बोलत तो तिची पिशवी स्वतःहून उचलून चालू लागला. वाडीच्या तोंडाशी मात्र त्यानं पिशवी तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या वाटेनं गेला.

राहीबाई गोठ्यात होत्या. उंच, वाळलेल्या, हाताची बोटं शेणानं माखलेली. अंकितानं नाव सांगितल्यावर त्यांनी हात धुऊन आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला, मग समोर बसल्या. अंकितानं माफी मागितली. मग, सगळी वाट मनात जुळवत आणलेलं ते सांगितलं: जमिनीखाली खोल खडकांना भेगा असतात, त्यांवर वर्षानुवर्षं ताण साठत जातो, एक दिवस खडक सरकतात. हे माणसाच्या जन्मण्या-मरण्यानं होत नाही. त्या दिवशी पृथ्वीवर लाखो मुलं जन्मली असतील.

राहीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तुझं खरंच असंल बाय. तू शिकलेली हायस," त्या म्हणाल्या. "पण लाखांतला भाव कुणाचा गेला? माझा गेला. मी त्या लेकराच्या पाळण्याला हात लावायची नाय. उद्या त्याला ताप जरी आला तरी माझ्या मनातून जायचं नाय गो."

अंकितानं कप उचलला. चहा पिऊन उठावं, असं तिच्या मनात आलं.

ओट्यावर उन्हाला एक म्हातारी बसली होती. तांदूळ निवडता निवडता तिचा कान आत होता. अंबूबाई, राहीबाईंची सख्खी आत्या. ह्याच वाडीत दिलेली, आता ऐंशीच्या पुढची. भाचीच्या हातचा चहा घ्यायला ती रोज यायची. भूकंपाचं नाव निघाल्यावर ती आपण होऊन बोलायला लागली. वहिनीचे, म्हणजे राहीबाईंच्या आईचे, दिवस भरले होते म्हणून ती तेव्हा माहेरी आली होती, सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. अंकिताला आणखी ऐकवत नव्हतं, पण उठून जाणंही बरं दिसलं नसतं. ती म्हातारीसमोर जाऊन बसली.

जमीन गुरगुरली ते अंबूबाईंनी तोंडानं करून दाखवलं. भांडी फळीवरून उडाली, माणसं बाहेर धावली. "हाताला हात दिसत नव्हता बग. नुसता काळोख. भाव माझा भिंतीचं दगडं उपसतोय नि पोराला हाका मारतोय. दिवटी लावायला तेल गावंना. उजाडलं तवा दिसला पोरगा." तिनं तांदळातला एक खडा काढून दूर टाकला. मग राहीबाईंकडं मान वळवून, जणू दुसरी काही चांगली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "हिची नाळ मीच कापली. माळावर. चांदणं कसं, पिठावानी पडल्यालं. दिव्याची गरज नाय पडली. तळव्यावरच्या रेषा दिसत व्हत्या पोरीच्या."

अंकिता पुढं सरकून बसली.

"आज्जी, एका रात्रीत काळोखही होता आणि चांदणंही होतं?"

"येकाच राती कसं असंल?" म्हातारी म्हणाली. "काय तरी इचारतीस."

अंकितानं मोबाइल काढला. ओट्यावर रेंज नव्हती, पण तिची गरजही पडली नाही. गुरुवारी फळ्यावर तिनंच लिहिलं होतं, शुद्ध दशमी. दशमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला मावळतो, डोंगराआड तर आणखी आधी. भूकंप चार वाजून एकवीस मिनिटांनी. काळोख असणारच. पण चांदणं त्या रात्री अडीचच्या आधीही होतं, तेव्हा घाईनं काही ठरवून चालणार नव्हतं. परवाच ती एक गोष्ट न विचारता पुढं गेली होती. म्हणून तिनं एकेक विचारायला घेतलं. राहीमावशी जन्मल्या त्याआधी घर पडलं होतं का? पडलं व्हतं तर, अंबूबाई म्हणाली, घर उभं असतं तर मार्गशीर्षाच्या थंडीत बाळंतीण माळावर कोण काढंल? पुन्हा पुन्हा जमीन हलायची, आत जायची कुणाची छाती होती, साऱ्या वाडीनं माळावर घोंगड्या टाकल्या होत्या. किती रात्री? त्या तिनं मोजल्या नव्हत्या. ते सगळे दिवस मिळून तिच्या लेखी भूकंपच होता. वाडीत सगळे तसंच म्हणत. भूकंपात लग्न मोडलं, भूकंपात म्हैस व्याली, भूकंपात राही झाली.

"त्या दिवशी आणखी काही झालेलं आठवतं?"

अंबूबाईंनी सूप खाली ठेवलं. 

"सुंठवडा," ती म्हणाली. "तिनीसांजंला खालच्या गावातनं एक बाई आली व्हती, सुंठवडा घेऊन. दत्ताचा जल्म झाला व्हता देवळात. आमाला सुतक, देव नाय की धरम नाय, पण ती म्हणाली, बाळंतिणीला सुंठ चालती, ठेवा. रातच्याला ही झाली तशी वयनीनं तोंडात पयला तोच घातला."

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. दशमीचा सोमवार, तिथून पुढं अंकितानं बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं. शनिवार. सोळा डिसेंबर. रात्र बारानंतरची असेल तर सतरा. तेवढं तिला ठरवता येत नव्हतं आणि तिनं ते तसंच सांगितलं. पण भूकंपाची पहाट ती नव्हे. मधे पाच दिवस गेले होते.

राहीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी अंकिताकडं पाहिलंच नाही.

"आत्ये," त्या म्हणाल्या, "म्हंजे दादा गेला तवा मी नव्हते?"

"तू कुटली? तू पोटात."

"पाच दीस आधी गेला तो?"

"दिवस मला नको इचारू. त्याला पुरलं, त्याच्या मातीवर दूध घातलं, आन मंग कवातरी तू झालीस." अंबूबाईंनी पुन्हा सूप ओढलं. "तोवर वयनी बोलतच नव्हती कुणाशी. भाताला हात लावंना. आमी म्हणायचो, हीपन जाती आता पोरामागं. तू रडलीस तशी उठून बसली नि म्हणाली, अंबू, पेज हाय का?"

गोठ्यात म्हशीनं शिंगं दावणीवर घासली. राहीबाई ओट्यावर बसल्या, उभ्या होत्या तिथंच, दोन्ही हात मांडीवर.

"हे मला कुणी सांगितलं नाय गो."

"तू इचारलंस कदी?" म्हातारी म्हणाली. "भूकंपाचं नाव काडलं की तूच उठून जातीस."

ते खरं होतं. अंकिताला वाटत होतं की आता राहीबाईंनी रडावं, नाहीतर हसावं, काहीतरी निकाल लागावा. राहीबाई उठून चुलीकडं गेल्या. जेवायच्या वेळेला आली आहेस, जेवून जा, म्हणाल्या. नाचणीची भाकरी, ताक आणि तळलेली मिरची. जेवताना त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, चंद्राचं असं मागचं सांगता येतं का, अगदी आपल्या जन्माच्या आधीचंही? अंकिता म्हणाली, हजार वर्षांमागचंही येतं. दुसरी, पोरगी गोरी आहे की पूनमसारखी. अंकिता म्हणाली, पूनमसारखीच आहे, नाक मात्र तुमचं.

त्या उद्या येणार की नाही, ते ना त्यांनी सांगितलं, ना अंकितानं विचारलं. उतरताना सबंध वाट ती तोच विचार करत होती. तारीख बदलली, पण अठ्ठावन्न वर्षांचं भय पाच दिवसांनी सरकतं का? ह्याला तिच्याकडं सूत्र नव्हतं. खाली येऊन तिनं पूनमला सगळं सांगितलं, सोळा की सतरा ह्या शंकेसकट. पूनम ऐकत राहिली, मधेच तिनं बाळाचं फडकं सोडून पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, सतरा असली तरी चालेल गं.

रविवारी बारशाची वेळ अकराची. साडेअकरा झाले. खोलीत वीसेक बायका, पाळणा फुलांनी सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं. राजेश दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. शेवटी पूनमच्या सासूबाई म्हणाल्या, आता थांबणं बरं नाही, पाळण्यापलीकडं अंकिताच उभी राहील. बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचं असतं. एका बाजूला सासूबाई आणि दुसऱ्या बाजूला आजोळची बाई. अंकिता उठली.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. राहीबाई आल्या होत्या. हिरवं लुगडं, मागं अंबूबाईंना हाताला धरलेलं; म्हातारीला घेऊन उतरायलाच एवढा वेळ लागला होता. बायकांनी वाट दिली. राहीबाई उंबऱ्यापाशीच थांबल्या, आणि आत यायला सांगितलं तरी त्यांचं पाऊल उचलेना. अंबूबाईंनी मागून त्यांच्या पाठीला तळवा लावला आणि चांगला जोरानं पुढं रेटलं.

"चल की आत. मला बी बसायचं हाय."

त्या पाळण्यापलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. अंकिता बाजूला झाली. सासूबाईंनी बाळ पाळण्याखालून पुढं केलं, आणि राहीबाईंनी वाकून, दोन्ही हात लांब करून, ते घेतलं. आता ते वरून परत द्यायचं होतं. बायका थांबल्या. सासूबाईंनी हात पुढं केले होते. राहीबाई बाळाकडं बघत उभ्या होत्या. त्यांनी एक बोट त्याच्या मुठीत दिलं, मुठीनं ते धरलं.

"द्या आता, विहीणबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"देते," राहीबाई म्हणाल्या. "जरा थांबा."